दिवाळी पहाट उघड्यावर करायची आहे, परवानग्यांची सुरुवात कुठून करू?

पारावरची | १२ ऑगस्ट २०२५, रात्री ९.५०

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आमच्या भागात महापालिकेची एक बाग आहे. मधोमध गोल कट्टा, भोवती बकुळीची झाडं. तिथे यंदा दिवाळी पहाट करायची असं आम्ही दहा-बारा जणींनी ठरवलंय. तिकीट नाही, प्रायोजक नाही, कुणा भावी नगरसेवकाचा फ्लेक्स नाही. आमच्यातल्याच दोघी गाणार, पेटी-तबला, दोन स्पीकर, तीनशे खुर्च्या, शेवटी चहा आणि घरचा फराळ. नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला आहे. पहाटे साडेपाचला सुरू, आठला आपापल्या घरी.

मला वाटलं होतं एक अर्ज दिला की झालं. काल बागेच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, "पोलिसांचं ना-हरकत आणा, मग बघू." पोलीस स्टेशनला गेले तर म्हणाले, "जागा कुणाची? महापालिकेची ना? मग आधी त्यांचं पत्र आणा. आणि ताई, आता गणपतीचा बंदोबस्त आहे, अनंत चतुर्दशी होऊ द्या." परत बागेच्या ऑफिसात आले तर साहेब साइटवर. साहेब साइटवर म्हणजे नक्की कुठे असतात, हे कुणी सांगेल का?

(शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच लोकांकडे मला अजून सहा-सात वेळा जायचंय.)

---

खडूस_काकू | १२ ऑगस्ट, रात्री १०.१५

हॉल घ्या. वर छप्पर, खाली खुर्च्या, शेजाऱ्यांना ताप नाही. पहाटे साडेपाचला उघड्यावर स्पीकर कशाला?

---

मांडवकर | १२ ऑगस्ट, रात्री १०.४०

काकू, दिवाळीच्या तारखांना हॉल मिळायला आधीच्या दिवाळीत नंबर लावावा लागतो.

ताई, एक पहिल्यांदा ठरवा. मांडव घालणार की मोकळं आभाळ? मांडव म्हटला की अग्निशमन दलाचा दाखला आला, कापड, वायरिंग, बाहेर पडायच्या वाटा, सगळ्याची तपासणी आली. तात्पुरत्या मांडवांसाठी आयएस ८७५८ नावाचं मानक आहे, त्यावर बोट ठेवून विचारतात आणि बरोबरच विचारतात. २०१६ च्या फेब्रुवारीत गिरगाव चौपाटीवर चालू कार्यक्रमात स्टेज पेटलं ते आम्हा धंद्यातल्या लोकांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून मी स्टेजच्या पोटाशी झालर लावत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागो.

ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला पाऊस बहुधा गेलेला असतो. कट्टाच स्टेज करा, वर काही नको. निम्मे कागद तिथेच कमी होतील. तरी महापालिकेच्या अर्जात अग्निशमनचा रकाना असेल तर "मंडप नाही, खुली बैठक" असं स्पष्ट लिहा. कोरा सोडू नका.

---

टेबल_क्रमांक_७ | १३ ऑगस्ट, सकाळी ७.०५

एका महापालिकेत ३१ वर्षं काढली, त्यातली नऊ आवक-जावकला. साहेब साइटवर म्हणजे कुठे ते मलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमचं जे झालंय ते सगळ्यांचं होतं. आधी कोंबडी की आधी अंडं. त्यातून वाट एकच. जागेचा मालक पहिला. पण त्याच्याकडे "परवानगी" मागू नका, कारण परवानगी म्हटलं की तो पोलिसांकडे बोट दाखवणार. अर्जात असं लिहा: "पोलीस व इतर आवश्यक परवानग्यांच्या अधीन राहून सदर जागा उपलब्ध करून देण्यास मान्यता मिळावी." या "अधीन राहून"मध्ये सगळी जादू आहे. सही करणाऱ्याच्या गळ्यात काही अडकत नाही, म्हणून सही होते. आणि त्या पत्रावर पोलीस तुमचा अर्ज घेतात, कारण त्यांना जागामालकाचा कागद मिळालेला असतो.

अर्ज तोंडी चर्चेसाठी कधीच नेऊ नका. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक. शिक्का अस्पष्ट उठला तर लाजू नका, परत मारून घ्या. पुढच्या प्रत्येक फेरीला "मी त्या दिवशी आले होते" म्हणायचं नाही, आवक क्रमांक सांगायचा. माणूस विसरला जातो, क्रमांक रजिस्टरात असतो.

सोबत एक नकाशा जोडा. हाताने काढलेला चालतो. बागेची दोन्ही फाटकं, कट्टा, खुर्च्यांच्या रांगा, मधली वाट, स्पीकर कुठे आणि त्यांचं तोंड कुठल्या दिशेला, प्रथमोपचाराची पेटी, रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येईल. हाच कागद पुढे प्रत्येक टेबलावर लागणार आहे, तेव्हा आत्ताच दहा झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या अनुभवात नकाशा जोडलेला अर्ज अर्ध्या वेळात सुटतो. साहेबाला प्रश्न पडायच्या आत उत्तर समोर दिसतं.

आणि अनामत भरायच्या दिवशी हिरवळीचे फोटो काढा. कार्यक्रमानंतर पुन्हा, त्याच कोनातून.

---

पारावरची | १३ ऑगस्ट, सकाळी ९.२०

_/\_ काका, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय.

हमीपत्र ५०० च्या स्टॅम्पवर मागितलंय. आधी १०० चा चालायचा ना?

---

टेबल_क्रमांक_७ | १३ ऑगस्ट, सकाळी ९.४५

ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० झाला. पण नीट विचारा, त्यांना हवंय काय? साधं प्रतिज्ञापत्र असेल तर सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, १ जुलै २००४ चा आदेश आहे. साध्या कागदावर होतं. "नुकसान झाल्यास भरून देऊ" असा बंधपत्राचा मजकूर असेल तर मात्र ते वेगळं, तिथे स्टॅम्प लागेल. काउंटरवर दोन्हींना सर्रास "हमीपत्र"च म्हणतात, म्हणून नमुना मागून घ्या.

---

आवाज_कमी | १३ ऑगस्ट, दुपारी १.३०

सगळे कागदांबद्दल बोलताय, घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. साडेपाच ही कायद्याने रात्रच आहे. अर्ज कितीही सुंदर लिहा, साडेपाचचा ध्वनिक्षेपक परवाना द्यायचा अधिकार तुमच्या पोलीस स्टेशनला नाही.

---

मांडवकर | १३ ऑगस्ट, दुपारी २.०५

पण सणांना सूट असते की. वर्षातले पंधरा दिवस. जिल्हाधिकारी दरवर्षी यादी काढतात.

---

आवाज_कमी | १३ ऑगस्ट, दुपारी २.२०

असते. ती रात्री १० ते १२ एवढ्याच दोन तासांची. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय, पहाटेचा उल्लेखच नाही. नवरात्रात गरबा बारापर्यंत चालतो तो त्या सवलतीवर. पहाटेच्या कार्यक्रमाला तिचा काही उपयोग नाही. यादीत दिवाळीचा दिवस असला तरी.

---

शिंपल्यातला | १३ ऑगस्ट, दुपारी २.५०

काहीतरीच. आमच्याकडे मैदानावर गेली कित्येक वर्षं पाचला सुरू होते पहाट. मंत्री येतात, पोलीस आयुक्त पहिल्या रांगेत बसतात.

---

आवाज_कमी | १३ ऑगस्ट, दुपारी ३.००

कुणी तक्रार केली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या रांगेत कोण बसलंय यावर सहा वाजत नसतात.

सवाई गंधर्व महोत्सवाचं बघा. एके काळी रात्र रात्र चालायचा, भैरवीपर्यंत. आता रोज दहाच्या आत आणि सवलतीच्या दिवशी बारा. एवढ्या मोठ्या महोत्सवाला जमलं, आपल्याला अर्धा तास पुढे सरकता येत नाही?

---

पारावरची | १३ ऑगस्ट, दुपारी ४.१०

अरे देवा. पहाट सहाला सुरू केली तर ती पहाट कसली? बरं, मग साडेपाच ते सहा बिनमाइकचं करू. पेटी, तबला, तंबोरा, आणि मोकळा आवाज. ते तर चालेल?

---

आवाज_कमी | १३ ऑगस्ट, दुपारी ४.३५

तुम्ही आता मला मारणार. २०१० साली दुरुस्ती झाली. रात्री उघड्यावर ध्वनिक्षेपकाबरोबर "वाद्य"ही आलं त्यात. तबला हे वाद्य आहे.

---

पारावरची | १३ ऑगस्ट, दुपारी ४.४०

आणि तंबोरा?

---

आवाज_कमी | १३ ऑगस्ट, दुपारी ४.४२

ताई. :)

---

खडूस_काकू | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

हसा. माझं नाव खडूस का पडलं ते सांगते. मी परिचारिका होते, २६ वर्षं, त्यातली बरीचशी रात्रपाळी. पहाटे चारला घरी येऊन डोळा लागतोय न लागतोय तोवर मागच्या मैदानात "हॅलो, चेक, वन टू थ्री". गाणं नव्हे हो, गाणं सुरू व्हायच्या आधीचं ते अर्ध्या तासाचं हॅलो चेक. शंभरला फोन केला तर पलीकडून "दिवाळी आहे बाई, चालायचंच". गाण्याशी माझं भांडण नाही. साउंड टेस्टिंग आदल्या दिवशी संध्याकाळी करून घ्या, एवढं कराल का?

---

पारावरची | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

करू. लिहून घेतलं काकू.

---

मांडवकर | १३ ऑगस्ट, रात्री ८.००

काकूंचं बरोबर आहे. आदल्या संध्याकाळी टेस्टिंग करून मिक्सरवर चिकटपट्टीने खुणा मारून ठेवायच्या. सकाळी फक्त बटण.

स्पीकरचं तोंड इमारतींकडे नको, खाली श्रोत्यांकडे वाकवा. खांबावर उंच टांगलेला स्पीकर पहिल्या रांगेला ऐकू येत नाही आणि तिसऱ्या मजल्याला झोपू देत नाही.

वीज कुणाच्या फ्लॅटमधून वायर टाकून घेऊ नका. मंडळं करतात, सापडली की घरमालकाच्या मीटरवर केस होते. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या किंवा बागेच्या मीटरवरून मिळतंय का ते पत्रातच लिहून घ्या.

---

आवाज_कमी | १३ ऑगस्ट, रात्री ८.२५

मर्यादेचंही सांगून टाकतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे तुमच्या बागेच्या कुंपणापाशी ६५. पेटी-तबल्याला भरपूर झालं.

जवळ शाळा किंवा दवाखाना आहे का?

---

पारावरची | १३ ऑगस्ट, रात्री ८.४०

कुंपणाला लागूनच शाळा आहे. सुट्टी असेल तेव्हा. शांतता क्षेत्रात येणार का आम्ही?

---

आवाज_कमी | १३ ऑगस्ट, रात्री ८.५५

पूर्वी शाळेपासून १०० मीटर म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र धरलं जायचं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. पोलीस स्टेशनला यादी विचारा. तोंडी "आहे" म्हणाले तर यादीतलं नाव दाखवा म्हणायचं, गोड आवाजात.

---

थेम्सकाठी | १४ ऑगस्ट, रात्री १.१५

इंग्लंडमधून. आमचं छोटं मराठी मंडळ आहे, गुढीपाडवा पार्कात करतो. इथे "टेम्पररी इव्हेंट नोटीस" नावाचा प्रकार आहे. फी २१ पौंड, किमान दहा कामाचे दिवस आधी द्यायची, आणि एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसं. या ४९९ मध्ये स्वयंसेवक, कलाकार, पुरणपोळी वाढणारे सगळे धरायचे. पहिल्या वर्षी आम्ही फक्त प्रेक्षक मोजले होते, मग ढोलपथकातल्या निम्म्यांना ताशा म्यान करून घरी बसवावं लागलं. अजून बोलत नाहीत.

गंमत अशी की ही नोटीस आहे, अर्ज नाही. पोलीस किंवा कौन्सिलच्या पर्यावरण खात्याने ठरावीक मुदतीत हरकत घेतली नाही की झालं, कुणाच्या सहीची वाट बघायची नसते. पार्कचं भाडं आणि विमा मात्र वेगळा.

---

टेबल_क्रमांक_७ | १४ ऑगस्ट, सकाळी ७.००

"हरकत नसेल तर झालं" हे वाचून माझ्या जुन्या साहेबांना चक्कर आली असती. आपल्याकडे हरकत नाही हेसुद्धा लेखी लागतं.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला आहे. तुमच्या महापालिकेने अधिसूचित केलेल्या सेवांची यादी कार्यालयात लावलेली असते. तुमची सेवा त्यात असेल तर मुदत आणि अपिलीय अधिकारी दोन्ही छापलेले असतात. भांडायला जाऊ नका. यादीसमोर उभं राहून वाचत बसा, एवढं पुरतं.

---

कुशावतीकर | १४ ऑगस्ट, सकाळी १०.३०

आमच्या गोव्यात या दहाच्या नियमाने जत्रेतल्या नाटकांची पंचाईत केली. पूर्वी पालखी, आरत्या, गाऱ्हाणी सगळं आटोपून नाटकाचा पडदा मध्यरात्रीनंतर वर जायचा आणि उजाडताना खाली यायचा. शेवटच्या अंकाला निम्मं गाव मांडवातच झोपलेलं. आता सवलतीचा दिवस नसेल तर देवळातला कार्यक्रम आधी उरकायची घाई. आमचे आजोबा म्हणायचे, नाटक बघून घरी येताना पाव घेऊन यायचा, ती वेळ गेली.

बाकी नियम बरोबर आहे हेही खरं. अवांतराबद्दल क्षमस्व.

---

ऐकीव | १४ ऑगस्ट, दुपारी १२.१०

गाण्यांचं कुणी विचारलं नाही. प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळाने सादर केलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पारंपरिक ओव्या-भूपाळ्यांचा तर प्रश्नच नाही. पण लोक जमत असताना पेनड्राइव्हवरून सनई लावाल ना, ती कुणाची तरी ध्वनिमुद्रिका असते. तिचे हक्क वेगळे, आणि हॉटेलांत, लग्नांत वसुलीला माणसं फिरतात ती त्यावरच. लावू नका, किंवा सनईवाला बोलवा. सहानंतर अर्थात.

---

पारावरची | १४ ऑगस्ट, दुपारी १.००

खर्चासाठी घरटी दोनशे रुपये गोळा करायचं चाललंय. पावती पुस्तक छापलं तर?

---

ऐकीव | १४ ऑगस्ट, दुपारी १.१५

छापू नका! दारोदार वर्गणी म्हटली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१-क, धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी, नंतर हिशेब. गणेश मंडळांना लागते तीच. तुम्ही दहा-बारा जणींनी आपसांत काढा. फराळ घरून आणताय, विकत नाही, ते ठीक. विक्रीचे स्टॉल लावलेत तर त्यांच्या अन्न नोंदणीची भानगड सुरू होईल.

---

शिंपल्यातला | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ५.००

आणि पालिका निवडणुकांचं घोंगडं भिजत पडलंय ते विसरू नका. २०२४ ला १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि दिवाळी बरोबर तिच्यात सापडली. आमच्या पहाटेचे प्रायोजक उमेदवार. खर्च त्यांच्या खात्यात धरला जाईल म्हणून त्यांनी आठ दिवस आधी हात वर केले, छापलेल्या पत्रिकांवर त्यांचा फोटो तसाच. आम्ही तीनशे पत्रिकांवर फुलाचे स्टिकर चिकटवत बसलो होतो.

---

पारावरची | १९ सप्टेंबर, रात्री ८.१०

अपडेट. जागेचं पत्र मिळालं! काकांचा मजकूर शब्दशः, "अधीन राहून"सकट. एकूण फेऱ्या पाच. भाडं, त्यावर जीएसटी, आणि भाड्याच्या दुप्पट अनामत. नकाशा बघून साहेब (भेटले! साइटवरून आले होते!) म्हणाले, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, मी. "आमच्या कंत्राटदारांना शिकवा जरा."

पोलीस स्टेशनला ठाणे अंमलदारांकडे जायचंच नसतं म्हणे, गोपनीयचं टेबल असतं, परवानग्या तिथे. मी महिनाभर चुकीच्या खिडकीत उभी होते. तिथल्या हवालदारांनी अर्ज वाचला, "स. ५.३०" वर लाल पेनाने रेघ मारली, वर लिहिलं "६.०० ते ८.००", आणि म्हणाले, "याखाली सही करा." पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) ची जमावबंदी चालू होती, परवानगी असलेल्या कार्यक्रमाला ती लागत नाही हेही त्यांनीच सांगितलं. शांतता क्षेत्राच्या यादीत आमची शाळा नाही.

---

मांडवकर | १९ सप्टेंबर, रात्री ८.३०

अभिनंदन. परवान्याची मूळ प्रत स्टेजवर ठेवा, झेरॉक्स फाटकावर. बीटवाला आला की पहिलं तेच विचारतो.

---

टेबल_क्रमांक_७ | १९ सप्टेंबर, रात्री ९.००

आता बागेच्या चौकीदाराला आणि माळ्याला भेटा. साहेबांच्या पत्राची प्रत त्यांच्यापर्यंत जातेच असं नाही.

---

पारावरची | २१ ऑक्टोबर, दुपारी ४.००

झाली पहाट. सविस्तर लिहिते, लक्ष्मीपूजनाची तयारी बाजूला ठेवून.

चौकीदाराला दोनदा भेटले होते, साडेचारला फाटक उघडं होतं. साडेपाचला लोक जमले. आम्ही कट्ट्याभोवती शंभर पणत्या लावल्या. आवाज नाही, वाद्य नाही. आमच्यातल्या एक आजी आहेत, ८१ वर्षांच्या, त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. त्या बसल्या जागेवरून म्हणायला लागल्या. कुणी जाहीर केलं नाही, कुणी "हॅलो" म्हटलं नाही. मागच्या रांगांना ऐकू येईना म्हणून माणसं खुर्च्या सोडून पुढे येऊन गवतावर बसली. दव होतं, सगळ्यांचे सलवार-धोतर ओले. बीटचे हवालदार फाटकापाशी चहाचा कप घेऊन उभे, मधून मधून मनगटाकडे बघत होते. सहा वाजता त्यांनीच मान हलवली, मग तबल्यावर थाप पडली. तेव्हाही अंधारच होता. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवला, तोवर पहाट पहाटच राहिली. उगाच घाबरत होते मी.

आणि मग सहा चाळीसला हिरवळीवरचे फवारे सुरू झाले.

चौकीदार भेटले होते, माळी राहिले होते. फवाऱ्यांना टायमर आहे आणि त्याची किल्ली माळ्याकडे, माळी दिवाळीला गावी. उजवीकडच्या चार रांगा पळाल्या. तबलजींनी उपरणं टाकून तबला झाकला आणि स्वतः भिजत बसले. शेवटी आमच्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने फवाऱ्यावर प्लास्टिकची बादली पालथी घातली आणि अख्खी पुढची तीन गाणी तो त्या बादलीवर बसून राहिला. सर्वांत जास्त टाळ्या त्याला.

---

टेबल_क्रमांक_७ | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१०

म्हणालो होतो. :)

---

खडूस_काकू | २१ ऑक्टोबर, रात्री १०.००

टेस्टिंग कधी केलंत?

---

पारावरची | २१ ऑक्टोबर, रात्री १०.०५

आदल्या दिवशी संध्याकाळी पाच ते साडेपाच. चिकटपट्टीच्या खुणांसकट.

---

खडूस_काकू | २१ ऑक्टोबर, रात्री १०.०७

बरं.

---

शिंपल्यातला | २८ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

अनामत मिळाली का परत?

---

पारावरची | २९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

कालच जमा झाली, थोडी कापून. आधी "हिरवळीचं नुकसान" म्हणून बरीच कापणार होते. दोन्ही दिवसांचे फोटो त्याच कोनातून दाखवले, तेव्हा फक्त सफाईचे पैसे कापले. पण खरा घोळ वेगळाच झाला. पावती आमच्या गटाच्या नावाने फाडली होती, आणि गटाला बँक खातंच नाही. पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे यावर फाईल तीन आठवडे अडली. शेवटी सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र आणि माझा रद्द केलेला चेक दिला. पुढे कुणी करणार असाल तर पावती पहिल्या दिवशीच एका व्यक्तीच्या नावाने घ्या.